दगडी कोर्टात आमचा बंब

नाशकात नव्याने आलेल्या माणसाला पत्ता सांगायचा असला की मी अजूनही कोर्टापासूनच सुरुवात करते. "जुनं दगडी कोर्ट माहितीय ना? मग तिथून डावीकडे." समोरच्याच्या हातात मोबाइल असतो, मोबाइलमध्ये नकाशा असतो, तरी मी सांगतेच. माझी सगळी नोकरी त्याच रस्त्यावरच्या एका कचेरीत झाली. सीबीएसच्या एसटी स्टँडवर उतरायचं, कोर्टाच्या आवारातून तिरकं चालायचं आणि पलीकडच्या फाटकाने बाहेर पडायचं, हा आम्हा कचेरीतल्या बायकांचा ठरलेला रस्ता. वळसा वाचायचा, झाडांची सावली मिळायची, आणि जाता जाता जगाच्या भानगडी फुकटात कानावर पडायच्या. शेवटची गोष्ट महत्त्वाची, उगाच खोटं कशाला बोलू?

त्या काळ्या दगडाच्या इमारतीला लांबच्या लांब व्हरांडा आहे. उन्हाळ्यात बाहेर डांबर वितळत असलं तरी तिथे गार वाटतं. सकाळच्या एसटीने पेठकडची माणसं येतात, नांदगावची येतात, फडक्यात भाकरी बांधून आणतात आणि खांबाला टेकून पुकाऱ्याची वाट बघत बसतात. अर्ध्या जिल्ह्याच्या गाठीभेटी इथेच होतात. हॉटेलात भेटायचं तर चहा पाजावा लागतो, इथे निमित्त सरकारचं असतं. बांधावरून भांडणारे भाऊ वकिलासमोर एकमेकांकडे बघत नाहीत आणि वकील आत गेला की एकमेकांच्या म्हशीची चौकशी करतात. माझ्या एका मैत्रिणीच्या मुलीचं स्थळ या व्हरांड्यात ठरलं. मुलाचे वडील कशाच्या तारखेला आले होते ते मात्र तिने लग्न होईपर्यंत विचारलं नाही. शहाणी बाई.

मी त्या आवारात लिंबू सरबत प्यायले, पावसात अडकून तासन्‌तास उभी राहिले, पण एकाही दारातून आत गेले नव्हते. आत जायची वेळ आली ती सासूबाईंच्या बंबामुळे.

बंब म्हणजे काय हे आजकाल सांगावं लागतं. तांब्याचं पोटाळ मोठं भांडं, मधून आरपार नळी, तिच्यात विस्तव. नळीभोवती पाणी तापतं, खाली तोटी असते, तोटी सोडली की वाफाळतं पाणी बादलीत. आमच्या घरी गीझर आहे, सोलरही आहे. पण सासूबाईंच्या मते गीझरचं पाणी 'वरवर गरम' असतं. म्हणजे काय ते मला आजतागायत कळलेलं नाही. त्या रोज पहाटे मागच्या अंगणात बंबफोडीच्या ढलप्या नि नारळाच्या शेंड्या घालून बंब पेटवायच्या. धूर माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांना. यावरून आमचं किती वेळा वाजलं असेल!

हा बंब त्यांच्या नांदगावच्या माहेरचा. आई गेल्यावर भावांनी वाटण्या केल्या तेव्हा सासूबाईंनी बाकी कशाला हात लावला नाही, एवढा बंब मागितला. पहिल्या बाळंतपणात त्यांच्या आईने याच बंबाच्या पाण्याने त्यांना रोज शेकून न्हाऊ घातलं होतं. "आईचं एवढंच आहे माझ्याकडे," असं त्या म्हणायच्या. आणि हे त्या भांडणात नाही, साध्या बोलण्यात म्हणायच्या, त्यामुळे मी धुरकटलेले कपडे पुन्हा धुवायला घ्यायचे.

तर हा बंब एका सकाळी चोरीला गेला. साधा नाही, पेटलेला. सासूबाई आंघोळ करून देवापुढे बसल्या, आरती उरकून माझ्यासाठी बादली भरायला मागे गेल्या, तर बंबाच्या जागी निखारे, राख आणि पाण्याचा ओहोळ. ओहोळ थेट मागच्या फाटकापर्यंत. त्या हातात बादली घेऊन तशाच उभ्या. मी ओरडले, "अहो आई, काय झालं?" तर म्हणाल्या, "बंब गेला." माणूस गेल्याचं सांगतात तसं सांगितलं त्यांनी. मी क्षणभर हसले आणि मग त्यांचं तोंड बघून गप्प बसले.

पोलिसांनी आधी विश्वासच ठेवला नाही. "आजी, तापलेला बंब कोण उचलेल?" म्हणे. "उचललाय ना!" आजी म्हणाल्या. पण शोधला त्यांनी, आणि लवकर शोधला. द्वारका चौकाच्या अलीकडे एका भंगारवाल्याकडे तो होता. त्या दुकानदारालाच संशय आला होता, म्हणून त्याने तोडला नव्हता. विकणारा माणूसही सापडला. हमाली करणारा, चाळिशीतला. खटला उभा राहिला, आणि बंब आम्हाला परत मिळाला.

परत म्हणजे अर्धवट परत. आमच्याकडून सही घेऊन बजावलं गेलं की ही वस्तू आता खटल्यातला मुद्देमाल आहे. जशी आहे तशी ठेवायची, विकायची नाही, वापरायची नाही, कोर्टाने बोलावलं की हजर करायची. निकाल लागला की मग कायमची तुमची. झालं! बंब दिवाणखान्यात येऊन बसला. त्यावर जुनं लुगडं पांघरलेलं. पाहुणे विचारायचे, "हे काय?" माझा नवरा गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, "सरकारी आहे, हात लावू नका." नातवंडं लपाछपी खेळताना त्यामागे लपायची आणि सासूबाई ओरडायच्या, "मुद्देमालापासून लांब व्हा!" हा शब्द त्या इतक्या सराईतपणे वापरायच्या की मला आपण वकिलाच्याच घरात राहतोय असं वाटायचं. आंघोळ मात्र गीझरच्या पाण्याने चालली होती, आणि ती रोज कुरकुरत.

मग तारखा सुरू झाल्या. कधी एक साक्षीदार नाही, कधी दुसरा नाही. आम्ही दोघी रिक्षाने कोर्टात जायचो, व्हरांड्यात बसायचो, पुढची तारीख घेऊन यायचो. मला वाटलं होतं त्या कंटाळतील. कसल्या कंटाळतात! त्यांना तो व्हरांडा फार मानवला. पेठकडच्या एका म्हातारीशी त्यांची गट्टी जमली. तिची जमिनीची केस होती आणि दोघींच्या तारखा बऱ्याचदा एकत्र आल्या. ती नागलीच्या भाकरीचा तुकडा द्यायची, या गुळपापडी द्यायच्या. मी मध्ये बसून दोन्हीकडून खायचे. मला निवृत्तीनंतर एवढी चांगली सोबत दुसरीकडे कुठे मिळाली नसती, हे खरंच सांगते.

आरोपीही यायचा. पलीकडच्या खांबापाशी उकिडवा बसायचा, गळ्यात गमछा. पहिल्या दिवशी सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं. "हाच का गं तो?" मी म्हटलं, "हाच." त्यांनी बराच वेळ निरखलं आणि हिरमुसून म्हणाल्या, "चोर असा असतो होय? आपल्या दूधवाल्यासारखा दिसतोय की." त्यानंतर त्या त्याच्याकडे पाठ करून बसायच्या. त्याला दम द्यायची त्यांची फार इच्छा होती, पण सरकारी वकिलांनी सांगितलं होतं, बोलायचं नाही. सासूबाई माझं ऐकत नाहीत, पण काळा कोट घातलेल्याचं ऐकतात.

शेवटी साक्षीची तारीख लागली आणि निरोप आला, येताना मुद्देमाल घेऊन या. आदल्या दिवशी मी एका साखरपुड्याला गेले होते. संध्याकाळी घरी येते तर मागच्या अंगणात दिवा, फरशीवर चिंचेचा चोथा, मीठ, राख, आणि मध्ये आमचा बंब. लखलखीत! डोळे दिपावेत असा! सासूबाई पाटावर बसून तोटी घासत होत्या.

"अहो आई! काय केलंत हे!"

"काय म्हणजे? उद्या कोर्टात न्यायचाय ना?"

"जसा आहे तसा ठेवा म्हणून सांगितलं होतं ना त्यांनी! सही केलीय आपण!"

"तसाच आहे. घासलाय फक्त." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या दगडी कोर्टात काळाकुट्ट बंब घेऊन जायचं? जज मॅडम काय म्हणतील? म्हणतील, हिची सून भांडी घासत नाही वाटतं."

घ्या! म्हणजे हे सगळं माझी अब्रू राखण्यासाठी होतं. मी कपाळावर हात मारून घेतला. नवऱ्याकडे बघितलं तर तो "तुम्ही दोघी बघून घ्या" म्हणून टीव्हीसमोर मोकळा.

दुसऱ्या दिवशी मालरिक्षातून बंब कोर्टात पोचला आणि व्हरांड्यात ठेवला, तेव्हा भोवती जत्रा जमली. तारखेला आलेल्या बायका वाकून आपलं तोंड त्यात बघायला लागल्या. एक म्हातारे वकील फायली काखेत धरून थांबले आणि त्यांच्या आजोळच्या बंबाबद्दल बोलत सुटले. त्यांचा पुकारा झाला तरी त्यांना ऐकू गेला नाही. शिपायाने येऊन हाक मारली तेव्हा गेले. कुणीतरी तर विचारलं, "केवढ्याला घेतला? तांबट आळीतून का?" सासूबाई फुलून आल्या होत्या. सरकारी वकील आले, त्यांनी बंब बघितला, हातातले कागद बघितले, परत बंब बघितला. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "मावशी, घोळ केलात."

घोळ असा की, पंचनाम्यात लिहिलं होतं, बंब धुराने पूर्ण काळा, नाव नाही, खूण नाही. आणि इथे तर आरसा उभा. वकील म्हणाले, "हाच तो बंब हे पटलं नाही, तर केस जाईलच. आणि मग हा तुमचा कसा, तेही सिद्ध करत बसावं लागेल. कदाचित सरकारजमासुद्धा होईल." सासूबाईंचं तोंड एकदम एवढंसं झालं. मला आदल्या दिवसापासून त्यांचा राग आला होता, तो तिथल्या तिथे विरला. मी त्यांचा हात धरला.

आत कोर्टाची खोली उंच छताची, लांब दांडीचे पंखे, लाकडी कठडे हात लागून लागून गुळगुळीत झालेले. मॅडम तरुण होत्या, कपाळावर बारीक टिकली. बंब त्यांच्या टेबलासमोर ठेवला. आधी भंगारवाला आला. भला माणूस, पण खरं बोलायची शपथ घेतलेला. "मी घेतला तो काळा होता मॅडम. हा तोच का, नाही सांगता येणार." झालं. मग सासूबाई कठड्यात उभ्या राहिल्या, आणि आरोपीचा वकील, पोरगेलासा, नवाच असणार, जोरात सुटला.

"तुमच्या बंबावर नाव होतं का?"

"नाव कशाला घालायचं? घरात एकच तर बंब होता."

"काही खूण?"

"खूण काय? माझा बंब मला कळतो."

"मी असं म्हणतो की हा नवा बंब आहे. तो तुम्ही बाजारातून विकत आणला आहे आणि कोर्टासमोर खोटं बोलत आहात."

त्याचं ते कामच आहे, मला कळतं. पण त्या वेळी मला त्याचे कान उपटावेसे वाटले. सासूबाई आयुष्यात कोणाकडून 'खोटं बोलता' असं ऐकून घेणाऱ्या नाहीत. मला वाटलं आता भडकतील. पण त्या भडकल्या नाहीत. कठडा धरून त्या म्हणाल्या, "माझ्या आईचा आहे हो," आणि सगळ्यांसमोर रडायला लागल्या. पदर तोंडाला लावून, आवाज न करता. इतक्या वर्षांत मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. माझाही बांध फुटला.

तेवढ्यात आरोपीच्या कठड्यातून आवाज आला. "मॅडम, बोलू का?"

त्याच्या वकिलाने हाताने गप्प राहायची खूण केली. पण तो गप्प राहिला नाही. "बंब तोच हाय, मॅडम."

मॅडमनी विचारलं, "तुम्ही काय बोलताय कळतंय का? हे तुमच्याच विरोधात जाईल. कुणी सांगितलंय का असं बोलायला?"

"नाय मॅडम. कुणी कशाला सांगल?" त्याने गमछा बाजूला केला आणि सदऱ्याची वरची बटणं सोडून डावा खांदा उघडा केला. मानेच्या खाली अर्धगोल, जाड, काळपट डाग होता. "पानी सोडून दिलं, इस्तू काढला, तरी लय तापल्याला होता. खांद्यावर घेतला अन् ही कडी चिकटली. टाकला असता तर आवाज झाला असता. तसाच नेला." मग बंबाकडे बोट केलं. "उजव्या अंगची कडी बघा. एका बाजूनी चपटी हाय. माझा डाग बी तसाच हाय."

मॅडम उठून उभ्या राहिल्या. शिपाई कडीपाशी वाकला. खरोखरच ती कडी एका बाजूने चपटी होती. इतकी वर्षं मी ती धरून बंब सरकवला आणि मला कधी दिसलं नव्हतं. सासूबाईंनाही नसावं, त्या रडायच्या थांबून बघत होत्या.

"मग आधी गुन्हा कबूल का नाही केलात?" मॅडमनी विचारलं.

"जेलात टाकत्याल म्हणून भ्यालो. घरी मीच कमावता." त्याने सासूबाईंकडे बघितलं. "पन या आजी खरं बोलत्यात अन् खोट्या पडत्यात, हे काय बघवंना."

आणि आमच्या सासूबाई! डोळे पुसले, कठड्यावरून पुढे वाकल्या आणि सरळ त्यालाच विचारलं, "काय लावलं होतंस त्यावर?"

"काय नाय आजी. टूथपेस्ट लावली व्हती."

"टूथपेस्ट? अरे मूर्खा, भाजल्यावर टूथपेस्ट लावतात? थंड पाणी धरायचं आधी! नाहीतर काय, असा डाग राहणारच!"

"मावशी," मॅडम म्हणाल्या, "तुम्ही कोर्टात आहात." पण त्यांनी फाईल तोंडासमोर धरली होती, आणि मला शंभर टक्के खात्री आहे की त्या हसत होत्या. तो पोरगेला वकीलही हसला. मग मॅडमनी सासूबाईंना आणखी काही सांगायचं आहे का विचारलं. त्या म्हणाल्या, "त्याला सोडा असं मी म्हणणार नाही. चोरी ती चोरीच. पण आत नका टाकू. पोरंबाळं असतील त्याची."

दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा पुकारा झाला. त्याचा हा पहिलाच गुन्हा होता, आणि त्याने सगळं मान्य केलं होतं. चांगल्या वर्तणुकीचं हमीपत्र घेऊन, समज देऊन मॅडमनी त्याला सोडलं. बंब कायमचा सासूबाईंचा. मध्यंतरात पेठवाल्या म्हातारीने आणलेली भाकरी आम्ही तिघींनी व्हरांड्यात खाल्ली होती. तिची अजून तारीखच चालू होती, तरी आमचा निकाल ऐकून तिने दोन्ही हातांनी सासूबाईंचा चेहरा कुरवाळला. मला त्या जागेबद्दल तेव्हा जे वाटलं ते बोलूनच टाकते, लाज कसली! मला ते कोर्ट आपलं वाटलं.

बाहेर मालरिक्षा थांबली होती. सकाळी बंब उतरवून आत नेणारे पोलीस आपापल्या कामाला गेले होते. मी आणि रिक्षावाल्याने बंब उचलायचा प्रयत्न केला तर तो जागचा हलेना, आणि माझी कंबर मात्र हलली. तो माणूस फाटकापाशी उभा होता. घरी जायला मोकळा होता, तरी घुटमळत होता. आमची धडपड बघून जवळ आला. खाली बसला, बंब तिरपा केला आणि डावा खांदा खाली लावला. ओझं त्याच खांद्यावर घ्यायची सवय असणार.

"थांब रे," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी अंगावरची शाल काढली. चांगली, लोकरीची. मी त्यांना वाढदिवसाला दिलेली, लग्नकार्याशिवाय बाहेर न काढलेली आणि त्या दिवशी खास कोर्टासाठी पांघरलेली. तिची जाड घडी घातली आणि त्याच्या खांद्यावर, बरोबर त्या डागावर ठेवली.

"आजी, आज गार हाय तो," तो म्हणाला.

"माहितीय मला," सासूबाई म्हणाल्या. "तरी असू दे."

त्याने मान खाली घातली. मग बंब उचलला.